आधी हॉर्न, मग ब्रेक

पुलगावहून वर्ध्याला येताना शेअर गाडीत मी ड्रायव्हरशेजारी बसलो होतो. माणूस प्रेमळ. एका आजीला त्यानं हात धरून चढवलं, तिची सीट फडक्यानं पुसून दिली. पण गाडी थांबवताना तो ब्रेकवर पाय परत परत आपटायचा. मी कारण विचारलं, तर हसला.

"ब्रेक जरासे ढिले हायेत, भाऊ. लगनसराई झाली का पाहून घेऊ. आधी हॉर्न नवा बसवला."

"ब्रेकच्या आधी हॉर्न?"

"हॉर्न वाजला का समोरचाच थांबते ना."

मी एका रस्ता सुरक्षा संस्थेत काम करतो. आमच्या पत्रकांत अशा ड्रायव्हरांना आम्ही सरळ लिहितो, लोकांच्या जिवावर उठलेले. तेच त्याला तोंडावर सुनावणार, तेवढ्यात सावंगीला गाडी थांबली. नर्सिंगच्या गणवेशातली एक मुलगी दाराशी आली.

"जरा मांगं बसता का, भाऊ? माही पोरगी व्हय. तिले समोरच बसवतो."

मी मागे गेलो. ती माझ्या जागेवर बसली. तिथला सीटबेल्ट अडकतच नव्हता. तिनं सवयीनं तो छातीवरून ओढून घेतला आणि वर्धा येईपर्यंत मुठीत धरून ठेवला.