तहकूब

नांदेडला निजामाच्या अदालतीतले पेशकार माझे शेजारी होते. लकव्यानंतर ते डावा पाय ओढत, पण बोली कचेरीचीच राहिली. अंथरुणात शरीर साथ देईना, हेही ते मला त्याच बोलीत सांगत, “बडतर्फ न्हाई, तहकूब हाय.”

हकिमांनी ताकदीचं औषध दिलं नाही. “पहले बीबी को लाओ,” म्हणाले. मी आधाराला गेलो. खरं तर कुतूहलच जास्त होतं. माडीवरच्या दवाखान्यात वहिनींनी दाराआडून विचारलं, “पुन्हा झटका येऊन यांचा जीव जाणार न्हाई ना?”

हकीम पेशकारांकडे बोट दाखवून म्हणाले, “जीना चढको आए ना? फिर डर कायकू?”

वहिनी भीतीनं लांब निजत होत्या, हे पेशकारांना तेव्हा कळलं.

टांग्यात ते पुटपुटले, “आधी का न्हाई बोललीस?”

“सुनावणी कवा ठेवली तुम्ही?”

पेशकारांनी टांगेवाल्याला घोडा जरा जोरात हाकायला सांगितलं.