सही येणाऱ्यांचा अंगठा

आई हडपसरच्या एका आयटी कंपनीच्या कँटीनमध्ये पोळ्या लाटायची. एका सोमवारी तिथल्या दारावर हजेरीचं यंत्र बसलं आणि सह्यांचं मस्टर बंद झालं. सुपरवायझर म्हणाला, "मावशी, इथे अंगठा लावा."

"मला सही येती," आई म्हणाली आणि अंगठा न लावताच कामाला लागली. दिवसभर राबूनही तिची गैरहजेरी लागली. असंच चाललं तर दुसरी बाई बघू, असंही तिला ऐकवलं गेलं.

आमच्या घरात पत्रकं कधी रद्दीत गेली नाहीत. वडील ती कारखान्यांच्या गेटवर वाटायचे आणि लोणी काळभोरला साक्षरतेचा वर्ग घ्यायचे. लग्नानंतर आई त्याच वर्गात बसून सही शिकली. 'अंगठेबहाद्दर' हा शब्द तोवर तिने बराच ऐकला होता.

मी वाचनालयात बसून या यंत्राविरुद्ध पत्रक लिहिलं. त्यात होतं, की इंग्रजी अमलात बंगालमधल्या एका गोऱ्या अधिकाऱ्याने करारावर कंत्राटदाराच्या पंजाचा ठसा घेतला, कारण नुसत्या सहीवर त्याचा भरवसा नव्हता. पुढे सरकारने गुन्हेगारांचे ठसे जमवायला कलकत्त्यात कचेरीच उघडली. 'कामगार गुन्हेगार नाही!' असा मी शेवट केला.

आईने ते सावकाश, शेवटपर्यंत वाचलं.

"चांगलं लिवलंय. पण यात माझं काहीच न्हाई."

"म्हणजे?"

"अंगठा तर साहेब लोकबी लावतात. पगारासाठी मीबी लावीन. पण मला सही करायचीय."

"पगार यंत्रावर निघणार. मग सहीचा उपयोग काय?"

"तुझ्या पत्रकाचा काय हाय?"

लहान मागणी म्हणजे तडजोड, असं मी तेव्हा मानत होतो. आजही बरंचसं मानतो.

दुसऱ्या दिवशी तिने अंगठा लावला आणि सुपरवायझरकडे जुनं मस्टर मागितलं.

"मावशी, यंत्राला सही वाचता येत नाही."

"तुमाला तर येती ना?"

"येते हो. पण मला विचारतंय कोण?" असं म्हणत त्याने कपाटातून मस्टर काढलं. "करा. वरचं कुणी बघणार नाही."

"न्हाई बघितलं तर न्हाई."

हे तिने घरी सांगितलं तेव्हा मी पत्रक छापायचा विचार सोडून दिला. तेव्हापासून ती एक बस आधीची पकडायला लागली. अंगठ्याला रांग असायची, आणि सही ती घाईत करत नसे.