चित्रात न मावलेलं घर

गुरुदत्त वैरागडे मूळचा नागपूरचा. नागपूरचा माणूस जन्मभर उन्हापासून पळत असतो. अशा माणसानं अमेरिकेत जाऊन ऊन विकायचा धंदा करावा, याला काय म्हणायचं ते तुम्हीच ठरवा. धंदा असा, की जी इमारत अजून बांधलेलीच नाही ती बांधून झाल्यावर कशी दिसेल, तिच्या काचांवर सकाळचं ऊन कसं चमकेल, दुपारी सावली कुठवर जाईल, हे कॉम्प्युटरवर अगदी फोटोसारखं काढून दाखवायचं. तिथल्या रॅली नावाच्या शहरातल्या एका छोट्या आर्किटेक्चर फर्ममध्ये तो हे काम करायचा, आणि मन लावून करायचा.

त्याच्यात खोड एकच होती. ‘हे जमणार नाही’ हे वाक्य त्याच्या तोंडून कधी निघत नसे. काहीही विचारा, ‘होऊन जाईल’ हे उत्तर ठरलेलं. ऑफिसात तेच इंग्रजीत, ‘नो प्रॉब्लेम’. त्याची बायको उत्तरा म्हणायची, "तुला कुणी चंद्र आणायला सांगितला तरी तू आधी हो म्हणशील आणि मग घरी येऊन डोकं धरून बसशील." ती हे हसत म्हणायची, म्हणून त्यानं कधी मनावर घेतलं नाही.

तो अमेरिकेत आला २००१ साली, एका कन्सल्टिंग कंपनीच्या व्हिसावर, आणि येऊन टेकतो न टेकतो तोच कामं आटली. रॅलीशेजारच्या कॅरी शहरातल्या महाराष्ट्र मंडळाच्या गणपतीत हा पोरगा तिसऱ्यांदा पुलाव वाढून घेताना मंडळ सांभाळणाऱ्या पद्मिनीमावशींनी पाहिला आणि काय ते ओळखलं. त्याच संध्याकाळी त्या त्याला घरी घेऊन गेल्या. कॅरीला लागून असलेल्या एका लहानशा गावात, रस्ता जिथं संपतो तिथलं शेवटचं घर. गॅरेजवरची खोली मंडळाची मखरं, जुनी मासिकं आणि सुटकेसींनी छतापर्यंत भरलेली होती. दारातच उभा राहून तो म्हणाला, "मावशी, मी कुठं मावणार इथं?"

"मावशील रे," मावशी म्हणाल्या. "तुला अशी कितीशी जागा लागणार आहे?"

तो वर्षभर मावला. मावशींचे यजमान एकनाथकाका रस्ते आणि पूल बांधण्यात आयुष्य घालवलेले इंजिनिअर. त्यांनी त्याला हायवेवर गाडी चालवायला शिकवली, नकाशा नीट वाचायला शिकवलं, त्याच्या नोकरीच्या अर्जांतलं इंग्रजी तपासून दिलं. आता ज्या फर्ममध्ये तो होता, तिचं नाव त्याला काकांनीच सुचवलं होतं. गुरुदत्तचं लग्न झालं तेव्हा उत्तराला विमानतळावरून आणायला तो एकटा गेला नाही, मावशी ओवाळणीचं ताट घेऊन बरोबर होत्या.

पुढे काकांना पक्षाघाताचा झटका आला. उजवी बाजू गेली आणि बोलणंही बहुतेक गेलं. चार-दोन शब्द तेवढे उरले. थंडीत दुपारी जेवण झालं की मावशी त्यांना घरामागच्या लाकडी डेकवर खुर्चीत बसवायच्या आणि शेजारी कढीलिंबाची कुंडी आणून ठेवायच्या. काका डोळे मिटून ऊन खात बसत. दिवसभरात त्यांच्या तोंडावर समाधान दिसायचं ते एवढंच. डेकच्या मागे दक्षिणेला पाइनची तुरळक झाडं असलेला रिकामा प्लॉट होता, आणि ऊन तिकडूनच येत असे.

तोच प्लॉट २००७ साली विकला गेला. तिथं चार मजली इमारत उठायची होती, आणि तिचं काम आलं गुरुदत्तच्या फर्मकडे. गावाच्या बांधकाम-परवानगी समितीनं सुनावणी ठेवली आणि अट घातली, की इमारत आजूबाजूच्या घरांसकट दाखवा, आणि तीही हिवाळ्यातल्या दुपारच्या उन्हात. गुरुदत्तचा साहेब डग यानं विचारलं, सुनावणीपर्यंत होईल का? गुरुदत्त काय म्हणाला ते सांगायला नको.

त्याच्या ‘नो प्रॉब्लेम’ला या वेळी आधार होता. असं चित्र काढायचं तर कॉम्प्युटरला उन्हाचा एकेक किरण मोजावा लागतो. तो काचेवर आपटून कुठं जातो, भिंतीवरून किती परततो, सगळं. एका चित्राला अख्खी रात्र जायची. त्याच सुमारास गेम खेळण्यासाठी बनवलेली ग्राफिक्स कार्डं या मोजणीला जुंपता येतात असं निघालं होतं, फक्त प्रोग्रॅम आपला आपण लिहावा लागे. गुरुदत्तनं तो लिहिला, डगला गळ घालून चार कार्डं मागवली आणि एकाच यंत्रात बसवली. ते यंत्र चालू झालं की खोलीत कुणाला हीटर लावावा लागत नसे. रात्रभराचं काम जेवणाच्या सुट्टीत व्हायला लागलं. ऑफिसातले लोक येऊन बघून जायचे. गुरुदत्त हरभऱ्याच्या झाडावर चढला आणि सगळ्यांसमोर सांगून बसला, "चार कार्डं, म्हणजे चौपट वेग आणि चौपट जागा. कितीही मोठं मॉडेल द्या."

वेगाचं खरं होतं. जागेचं खोटं होतं, आणि ते त्याला कळायला हवं होतं. किरण कुठंही जाऊन आपटू शकतो, त्यामुळे प्रत्येक कार्डाला अख्खं चित्र आपल्याजवळ ठेवावं लागतं. चार मुलं परीक्षेला बसवली तरी प्रत्येकाला अख्खं पुस्तक पाठ करावं लागतं, चौघांत पाव-पाव वाटून चालत नाही. एका कार्डात जेवढं मावेल तेवढंच चारांत मावणार.

आणि मावेना. इमारत, रस्ता, गाड्या, झाडं, घरं एवढं सगळं भरलं की यंत्र मधेच मान टाकायचं. गुरुदत्तनं गाड्या कमी केल्या, झाडं कमी केली. तरी तेच. शेवटी सगळ्यात जड काय आहे ते त्यानं बघितलं. सगळ्यात जड होतं मावशींचं घर. साहजिकच होतं. बाकीची घरं त्यानं नुसती उभी केली होती. हे मात्र आठवून आठवून, हौसेनं काढलं होतं. डेकच्या कठड्याचा एकेक गज, काकांची खुर्ची, खुर्चीवरची चौकड्यांची उशी आणि कढीलिंबाचं पान न् पान. उत्तराला घरी लॅपटॉपवर दाखवलं तेव्हा ती म्हणाली होती, "मावशींना दाखव, रडतील."

आता तुम्ही म्हणाल, पानं काढून टाकायची, घराच्या जागी साधं खोकं ठेवायचं. त्यानं ठेवून पाहिलं. त्या देखण्या चित्रात ते खोकं डोळ्यांत खुपायला लागलं. कुणी विचारलं असतं, हे असं का? मग सांगावं लागलं असतं की चौपट जागेची गोष्ट ही माझी फुशारकी होती. जुन्या रीतीनं, सावकाश काढता आलं असतं, पण त्यासाठी मुदत वाढवून मागावी लागली असती. एवढं एक वाक्य डगपुढे बोलायचं होतं. त्याऐवजी गुरुदत्तनं घर पुसलं आणि तिथं हिरवळ पसरली.

यंत्र सुरळीत चाललं. चित्र असं उतरलं की बघत राहावं. ऊन खरं होतं, सावलीही खरी होती, इंचाचाही फरक नव्हता. ती लांबलचक सावली गवतावर पडली होती, आणि गवतावर सावली पडली तर कुणाचं काय जातं? डगनं चित्रातल्या त्या हिरवळीकडे बराच वेळ पाहिलं, एकदा गुरुदत्तकडे पाहिलं आणि त्याची पाठ थोपटली. पाठ कशासाठी थोपटली ते गुरुदत्तला कळलं. तेव्हाही तो काही बोलू शकला असता.

सुनावणीला मावशी आल्या. साडीवर स्वेटर, हातात बोलायच्या मुद्द्यांचा कागद. काकांजवळ शेजारणीला बसवून आल्या होत्या. भिंतीवर मोठं केलेलं ते चित्र त्यांनी जवळ जाऊन पाहिलं, मग चष्मा पदराला पुसून पुन्हा पाहिलं. गुरुदत्त पुढच्या रांगेत बसला होता. त्याच्याजवळ येऊन त्या हळूच म्हणाल्या, "गुरू, आमचं घर कुठंय रे यात? मला मेलीला दिसतच नाही. नंबर बदलला वाटतं."

डग शेजारीच होता. त्याला मराठी कळत नव्हतं, पण गुरुदत्तला तेवढंही सुचलं नाही.

"ते फ्रेमच्या बाहेर राहिलं, मावशी," तो म्हणाला. "इकडे, डाव्या अंगाला."

"म्हणजे सावली आमच्यापर्यंत येत नाही ना?"

गुरुदत्तची मान हलली. हो म्हणून हलली की नाही म्हणून, ते सांगता येणार नाही. अशी मान हलवणं आपल्याच लोकांना जमतं. मावशींनी तिचा चांगला अर्थ घेतला, कारण त्या त्याच्याबद्दल चांगलाच अर्थ घेत आल्या होत्या. कागद त्यांनी घडी करून पर्समध्ये टाकला. नाव पुकारलं तेव्हा माइकपाशी जाऊन इंग्रजीत म्हणाल्या, "मी तक्रार करायला आले होते. पण हे चित्र ज्यानं काढलंय तो मुलगा आमच्या घरात राहिलेला आहे. तो चुकीचं काढणार नाही. माझी काही तक्रार नाही." परत जाताना त्यांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला. इमारतीला परवानगी मिळाली.

उत्तराही सुनावणीला आली होती, मागच्या रांगेत बसली होती. परतताना गाडीत ती म्हणाली, "घर होतं ना रे त्यात? मला दाखवलं होतंस."

"मावलं नाही," गुरुदत्त म्हणाला.

"मग सांगायचं ना तसं. त्या उठून तुझी गॅरंटी देत होत्या, आणि तू बसून ऐकत होतास." घरापाशी गाडी थांबली तेव्हा ती म्हणाली, "तू सांगत नाहीस तोवर मी त्यांच्याकडे यायची नाही. त्यांच्यासमोर मी कुठल्या तोंडानं बसू?"

त्यानं सांगितलं नाही. या रविवारी सांगू, दिवाळीनंतर सांगू, असं करत वर्ष गेलं. मावशींचे फोन आले की तो आवाजात कामाची घाई भरून बोलायचा. एकदा त्यांनी त्या चित्राची प्रत मागितली, "तुझ्या हातचं आहे, भिंतीला लावते." नाही म्हणणं त्याच्या रक्तातच नव्हतं. त्यानं चांगली फ्रेम करून पाठवली आणि त्या दिवशी त्याला जेवण गेलं नाही. इमारत चढत होती. ऑफिसला जायचा नेहमीचा रस्ता सोडून तो लांबच्या वळणानं जायला लागला, म्हणजे ती दिसायला नको.

२००८च्या डिसेंबरात मावशींचा फोन आला. आवाज नेहमीसारखा नव्हता. "गुरू, येऊन जा रे. ह्यांचं आता डोकंही चालेनासं झालंय बहुतेक. डॉक्टरांच्या कानावर घातलंय मी. तुला ओळखतात तोवर येऊन जा."

तो एकटाच गेला. दुपारची वेळ होती. काका डेकवर नव्हते. घराच्या पुढच्या अंगाला, ड्राइव्हवेवर, कचऱ्याच्या डब्यांच्या बाजूला हातभर ऊन पडलं होतं, तिथं त्यांची खुर्ची होती. कानटोपी, गुडघ्यांवर शाल आणि पाठीला तीच चौकड्यांची उशी. गुरुदत्तला पाहून ते तोंडाच्या डाव्या बाजूनं हसले. त्या हसण्यासमोर उभं राहवेना, म्हणून तो वाकून त्यांची शाल नीट करत राहिला. कढीलिंब दिसला नाही. मावशींनी सांगितलं की तो मागे इमारत वर आली तसा गेला. "सावली आलीच रे शेवटी. तुझा हिशेब थोडा चुकला असेल. चालायचंच."

दोघांनी काकांना धरून आत आणलं. हॉलमध्ये समोरच ते चित्र होतं.

"हे बघ, आता बघ हं," मावशी दबल्या आवाजात म्हणाल्या. "आल्यागेल्याला मी चित्र दाखवते आणि सांगते, आमचं घर इथं फ्रेमच्या बाहेर आहे. तर हे दर वेळी भलतीकडेच बोट ठेवतात. आयुष्यभर नकाशे वाचलेला माणूस. मला रडू येतं रे. अहो, आपलं घर कुठंय?"

काकांनी डावा हात उचलला. बोट कुठं अडखळलं नाही. ते हिरवळीच्या मधोमध, नेमकं जिथं हवं तिथं टेकलं.

"इथं," काका म्हणाले.

"बघितलंस?" मावशींनी डोळ्यांना पदर लावला. "सारखं हेच. तूच सांग बाबा त्यांना, तुझं ऐकतील."

गुरुदत्तनं काकांकडे पाहिलं. काका त्याच्याकडेच पाहत होते, आणि त्या नजरेत राग नव्हता. पोरानं गणित चुकवलंय आणि ते त्यानं आपणहून दुरुस्त करावं, म्हणून थांबलेल्या मास्तरांसारखे ते नुसते थांबले होते.

"काका बरोबर आहेत," तो म्हणाला. "घर तिथंच होतं, मावशी. मी काढून टाकलं. यंत्रात मावत नव्हतं."

मावशींना क्षणभर कळलं नाही. मग हळूहळू कळलं. त्यांनी चित्राकडे पाहिलं, मागच्या बंद दाराकडे पाहिलं, आणि त्यांचा चेहरा एकदम थकला.

"मावत नव्हतं," त्या म्हणाल्या.

"मी तेव्हाच सांगायला हवं होतं. माझी हिंमत झाली नाही. मला अजून..."

त्या ऐकत नव्हत्या. त्या काकांजवळ गेल्या, त्यांचा तो डावा हात दोन्ही हातांत घेतला आणि म्हणाल्या, "चुकले हो मी. तुम्ही रोज सांगत होतात आणि मी तुम्हालाच वेड्यात काढलं." त्यांना खुर्चीत बसवून, शाल पांघरून त्या सरळ झाल्या आणि डोळे पुसून स्वयंपाकघराकडे वळल्या. गुरुदत्त होता तिथंच उभा होता. त्यांनी आपल्याला झोडपून काढावं, घराबाहेर घालवावं, असं त्याला मनापासून वाटत होतं.

दारात त्या थांबल्या.

"बसा ना," त्या म्हणाल्या. "चहा घेणार का तुम्ही?"

उत्तराही आली की काय, म्हणून गुरुदत्तनं मागे वळून पाहिलं. मागे कुणी नव्हतं.