सातला निघालेले गृहस्थ

सोमवारी सकाळी आठ वाजता तंजावूरहून त्रिची विमानतळाकडे निघालेल्या टॅक्सीत माझ्याशेजारी सत्तरीचे एक गृहस्थ बसले. मुंबईत दुपारी तीनला त्यांच्या बहिणीचे हृदयाचे ऑपरेशन होते. त्याआधी त्यांना तिला भेटायचे होते.

चालकाने तमिळमध्ये चिमटा काढला, "अय्या, आज साडेसात ते नऊ राहुकाळ. आणि तुम्ही घराबाहेर?"

"मी सातलाच निघालो. पेटी घेऊन शेजाऱ्याकडे बसलो होतो!"

मी मराठी आहे हे कळल्यावर ते तंजावुरी मराठीत म्हणाले, "त्रिची ते मुंबई विमानाला दोन तास. माझ्या घरांतून शेजाऱ्याकडे वीस पावलं. पण तीं वेळेवर टाकलीं नाहींत, तर बहिणीकडे कोणत्या तोंडानं जाऊं?"

मनगटावरचे घड्याळ काढून त्यांनी तळहातावर धरले होते. नऊ वाजले तेव्हा कुठे त्यांनी पाठ सीटला टेकली.

आम्हा दोघांचे विमान एकला मुंबईत उतरले. त्यांनी भाच्याला फोन लावला. "मामा, आई वॉर्डातच आहे. तुमचीच वाट बघतेय," पलीकडचा आवाज मलाही ऐकू आला.

एक वाजून वीस मिनिटांनी ते टॅक्सीत बसले. ऑपरेशनला अजून एक तास चाळीस मिनिटे होती.