चिंधी बांधलेला मुळा

“हात मागे!”

परसात पाऊल टाकणाऱ्या प्रत्येकाचं स्वागत बाबा याच शब्दांनी करत. शेजारी असो की सावकार, दोन्ही हात पाठीशी बांधल्याशिवाय वाफ्याजवळ उभं राहायला मिळत नसे.

असा एखादा शेजारी तुमच्याही पाहण्यात असेल. आमचे सदाशिव पेठेतले बाबा म्हणजे मोहिमेवरून लंगडत परतलेले घोडेस्वार. गावचा मळा भाऊबंदांनी बळकावला, तेव्हा तिथल्या मुळ्याचं मूठभर बी कनवटीला बांधून ते पुण्यात आले. हस्ताचा पाऊस ओसरला की परसात मेथी, चाकवत, वांगी लागत. पण मधला वाफा त्या मुळ्याचा.

मी एका लहानशा कसब्यातून दफ्तरात कारकुनीला आलेला, बाबांच्या शेजारच्याच बिऱ्हाडात; परस दोघांत एकच. आमच्या घराण्यात अक्षर ओळखणारा पहिलाच. बाबांना त्याचं काडीचं कौतुक नव्हतं. “अहो कारकून, यातला चाकवत कोणता, हे कुठल्या कागदात सापडेल?” असं ते भर परसात विचारत. मलाही ते आवडत नसत.

त्या वर्षी हस्त लांबला. मधला वाफा कुजला आणि जुनं बीही ओल लागून गेलं. वाचलेले मुळे काटकुळे, फाटे फुटलेले. एकच तेवढा सरळ, पांढराशुभ्र. त्याच्या पाल्याला बाबांनी तांबडी चिंधी बांधली.

कार्तिकात, ज्या गृहस्थांनी मला दफ्तरात चिकटवलं ते घरी जेवायला येणार होते. त्यांचे उपकार कशाने फेडावेत, मला समजेना. मी बाबांकडे एक मुळा मागितला.

“कडेचा घ्या,” ते म्हणाले आणि बाजारात गेले.

अशा पाहुण्याला कडेचा मुळा कसा वाढायचा? चिंधी चांगल्याची खूण, एवढं मला कळलं. ती कशासाठी, ते कळलं नाही. मी चिंधीचाच उपटला.

पाहुण्यांनी कोशिंबिरीचा पहिला घास उचलला आणि मागच्या दारात बाबा उभे.

“अहो कारकून, माझं बियाणं कसं लागतंय?”

पाहुण्यांचा हात तसाच राहिला.

“उरलेल्यांचं बी धरलं तर पुढे तसलीच मरतुकडी निपजतील. गाव तर गेलंच होतं. आज तुम्ही त्याचं बीही किसून खाल्लंत.” मग ते माझ्या बायकोकडे वळले. “बाई, डोकं कुठंय?”

पाल्याची भाजी करायची म्हणून मुळ्याचं बोटभर डोकं पाल्यासकट तिने बाजूला ठेवलं होतं. बाबांनी ते दोन्ही हातांत घेतलं. “खालचं यांना खाऊ दे,” म्हणाले. पाला चार बोटं ठेवून छाटला आणि ते डोकं वाफ्यात उभं पुरलं.

त्यानंतर ते माझ्याशी बोलले नाहीत. हौदावरून मी त्यांच्यासाठी आणलेली घागर त्यांनी माझ्यादेखत गटारात ओतली. “या घरातल्या शिकलेल्यांना सांगा, पाणी आम्हाला आणता येतं,” हे बायकोला, मी समोर असताना.

पण डोकं जगलं. पौषात तुरा आला, फिकी फुलं आली, मग डिंगऱ्या धरल्या. मी रोज पायरीवरून त्या शेंगा मोजी. हात मागे बांधून. बाबा पाहत आणि तोंड फिरवत.

पुढच्या पावसाळ्यात ते तापाने गेले. शेवटल्या दिवसांत त्यांनी गाठ मारलेलं एक फडकं माझ्या बायकोला दिलं.

“निम्मं पेरा, निम्मं राखा. आणि यांच्या हाती जाऊ देऊ नका.”

मी तिथेच, त्यांच्या उशाशी पेज घेऊन बसलो होतो.

आता दर आश्विनात बायको वाफा करते. परवा एका मुळ्याला तिने तांबडी चिंधी बांधली. किती जाड झालाय ते पाहावं म्हणून मी जरा वाकलो. मेथी खुडताना तिने मान वर केली नाही.

“हात मागे!”

मी हात मागे घेतले.