स्वतःच्या नावे टपाल

मी अक्षरं शिकले ती पत्रकांवरून. त्यामुळे कुठल्याही गोष्टीमागे कुणाचा तरी हात असतो, हे मला बाराखडीबरोबरच कळलं. दौंडला कामगार संघटनेच्या खोलीत त्या दुपारी कॉम्प्युटरवरचा मेलचा प्रोग्राम उघडेना, तेव्हा काय बिघडलं हे पाहण्याआधीच मी विचारलं, "कुणी केलं हे?"

राहू गावच्या एका कामगाराची दोन बोटं शिरूरकडच्या कारखान्यात प्रेसखाली गेली होती. मशीनला संरक्षक जाळी नव्हती. कारखान्याने मागाहून ती बसवली आणि पहिल्यापासून होतीच, यानेच काढली, असं सांगितलं. जाळी नसतानाचा फोटो एकाच माणसाने काढला होता. मांडवगण फराटा गावचा तो फिटर आता आखातात होता आणि तिथून त्याने फोटो आम्हाला मेल केला होता. दुसऱ्या दिवशी पुण्यात सुनावणी. फिटरचा फोन लागत नव्हता आणि फोटो त्या प्रोग्रामच्या पोटात.

प्रोग्रामच्या चित्रावर टिचकी मारली की वाळूचं घड्याळ यायचं, जरा वेळ थांबायचं आणि निघून जायचं. कॉम्प्युटर बंद करून पुन्हा चालू केला. तेच. बोटं गेलेला कामगार बाकावर बसून माझ्याकडे बघत होता.

खोलीची किल्ली तिघांकडे होती. माझ्याकडे, संघटना चालवणाऱ्या आबांकडे आणि कॉम्प्युटर सांभाळणाऱ्या आमच्या मित्राकडे. मित्राने नुकतीच एमआयडीसीत संध्याकाळची नोकरी धरली होती. कुठल्या कंपनीत, ते तो नीट सांगत नसे.

तो आला, वाकून पाहिलं आणि प्रोग्राम काढून नव्याने टाकू म्हणाला.

"म्हणजे फोटोही जाईल," मी म्हणाले.

"आधी मेलची फाइल बाजूला काढतो ना."

"मी बघत असतानाच काढ."

"बस की मांडीवर," तो म्हणाला. कामगार पहिल्यांदा हसला.

मेलची फाइल सापडली, तेव्हा मित्राने तिचा आकार पुन्हा पुन्हा पाहिला. बाकी सगळा कॉम्प्युटर एकीकडे आणि ती एकटी एकीकडे, एवढी ती फुगली होती. तिच्या ओझ्यानेच प्रोग्राम उघडत नव्हता. एवढं टपाल आम्हाला पाठवतंय कोण? मी मित्राकडे पाहिलं, त्याने माझ्याकडे.

आबा खिडकीशी सुपारी कातरत होते. "मीच," ते म्हणाले.

आणीबाणीपासून त्यांची एक रीत होती. प्रत्येक पत्रकाची एक प्रत रजिस्टरने स्वतःलाच पाठवायची आणि पाकीट फोडायचं नाही. कुणी म्हणालं पत्रक नंतर छापलं, तर शिक्का दाखवायचा. मेल आल्यावर त्यांनी तीच रीत पुढे चालवली. आम्ही गेलो की सगळे कागद स्कॅन करून ते आमच्याच पत्त्यावर पाठवायचे, आणि एकदा पाठवून भरवसा वाटेना म्हणून पुन्हा पाठवायचे.

"आम्हाला सांगायचं तरी, आबा."

"तुमास्नी सांगितलं आस्तं तर त्यो पुरावा ऱ्हायला आस्ता व्हय?"

मित्राने फाइल बाजूला ठेवली. प्रोग्राम लगेच उघडला, पण पार रिकामा. मग त्याने कुठूनशी एक सीडी आणली आणि तो तिच्यातल्या प्रोग्रामने फुगलेल्या फाइलीतून एकेक मेल बाहेर काढायला लागला. पत्रकांमागून पत्रकं आली. फिटरचा मेल आला, पण त्यातला फोटो अर्धा करडा. कामगाराने मान खाली घातली. पुढच्या ढिगात तोच फोटो पुन्हा आला, अख्खा. आबांनी तोही स्वतःला पाठवून ठेवला होता.

प्रिंट काढताना आबांनी आम्हाला बाहेर घालवलं. जरा वेळाने मला एकटीला आत बोलावून बंद पाकीट हातात दिलं. "ही येकच प्रत हाय. तुज्या मित्राला कळू देऊ नगंस. त्याची नोकरी कुठं हाय, ठावं हाय ना?"

मित्रावरचा माझा संशय खरा ठरला, असं वाटून मी ताठ मानेने घरी गेले. सकाळी यवतमार्गे एसटीने पुण्याला निघाले, तेव्हा पाकीट ब्लाऊजमध्ये होतं आणि मित्राची मोटरसायकल मागून येतेय का, ते मी खिडकीतून बघत होते.

तो माझ्याआधी पोचला होता. सुनावणी घेणाऱ्या साहेबांनी फोटो मागितला, तसं मी पाकीट काढलं. त्यानेही काढलं. दोन्ही पाकिटांत तोच फोटो होता. मित्र पुटपुटला, "आबा मला म्हणाले, पोरगी गरम डोक्याची हाय, कुठंतरी फाडून टाकील."

आमच्या मागे कामगार उभा होता. उरलेल्या बोटांनी तो सावकाश शर्टाच्या खिशातून तिसरं पाकीट काढत होता.