शेवटच्या शेगडीचा दाब

अण्णा गेल्याचा फोन आला तेव्हा मी ऑफिसच्या कॅबमध्ये, व्हाइटफील्डच्या ट्रॅफिकमध्ये अडकले होते. पहिला विचार आला तो वेडाच... आता अक्कांना फोन कोण करणार?

अण्णा मूळचे निपाणीचे. घरोघरी पाइपने गॅस पोचवणाऱ्या आमच्या कंपनीत माझे वरिष्ठ. कुठून किती गॅस घ्यायचा, कुठला व्हॉल्व्ह किती उघडायचा, म्हणजे कमीत कमी खर्चात सगळीकडे दाब पुरेल, हे ठरवणारं गणित त्यांनीच बसवलेलं. कॉम्प्युटर उत्तर द्यायचा आणि अण्णा कंट्रोल रूममध्ये येरझारा घालायला लागायचे. "बसा की हो," म्हटलं की म्हणायचे, "अगं, गॅस तरी कुठं बसतोय?"

अक्का आमच्या एक ग्राहक, राहतात पाइपलाइनच्या अगदी टोकाला. तिथला दाब मोजायला यंत्र नाही, गणिताचा अंदाजच खरा मानायचा. एका सणाला सगळं शहर एकदम स्वयंपाकाला लागलं आणि अक्कांच्या पुरणाखालची ज्योत मिणमिणली. त्यांनी फोन करून अण्णांना चांगलंच झाडलं. तेव्हापासून अण्णांनी टोकाच्या दाबाची किमान मर्यादा थोडी चढी ठेवली आणि रोज सकाळी अक्कांना फोन लावून ज्योतीची चौकशी सुरू केली. "गणित बरोबर आहे ना, मग फोन कशाला?" साहेब चिडवायचे. "बरोबर आहे हो, पण त्याला कुठं पुरण शिजवायचंय?" हे अण्णांचं ठरलेलं उत्तर.

अण्णांचं दिवसकार्य झालं, काही आठवडे गेले, आणि साहेब म्हणाले, "ती जादा मर्यादा आता काढून बघू. उगाच खर्च वाढतोय." परवा सकाळी मी काढली. स्क्रीनवर सगळं हिरवंगार. पण मला काही बसवेना. अण्णांचा रागच आला, जाताना आपली ही खोड मला चिकटवून गेले! शेवटी त्यांच्याच टेबलावरून अक्कांना फोन लावला.

"अण्णा! किती दिवसांनी... थांबा हं," नंबर ओळखून अक्का म्हणाल्या. लायटरची टकटक ऐकू आली. "आज ज्योत स्वल्प बारीक आहे हो."

मी मर्यादा होती तिथं नेऊन ठेवली. साहेबांना काय सांगायचं ते नंतर बघू म्हटलं. मग अक्कांना सांगितलं, अण्णा गेले.

पलीकडे शेगडी बंद केल्याचा खटका ऐकू आला.

"सरी... बरं," अक्का म्हणाल्या. "उद्या तू कर फोन. मी शेगडी पेटवते."